डॉकवर ठेवा, बटण दाबा

डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढणं पूर्वीही अवघड नव्हतं. खरी अडचण नंतर सुरू व्हायची. केबल, ड्रायव्हर, फोल्डर यांत घरातली हौशी मंडळी अडकायची. कोडॅकने २००१ मध्ये आणलेल्या ‘ईझीशेअर’ मालिकेने नेमकी हीच अडचण ओळखली. कॅमेरा डॉकवर, म्हणजे वायरीने संगणकाला जोडलेल्या छोट्या बैठकीवर ठेवायचा आणि तिच्यावरचं बटण दाबायचं. फोटो संगणकात उतरायचे, बॅटरीही तिथेच चार्ज व्हायची. माझ्या मते ही सोय चार मेगापिक्सेल जास्त मिळण्यापेक्षा मोलाची होती. कॅमेऱ्यावरच्या ‘शेअर’ बटणाने कोणता फोटो छापायचा, कोणता ईमेल करायचा, याची खूणही करून ठेवता येई.

जुना संच कपाटात असेल तर जरूर बाहेर काढा. शटरचं बटण आधी अर्धंच दाबा, फोकस जुळू द्या, मग पूर्ण दाबा. घाईत एकदम बटण दाबून काढलेले फोटोच बहुधा हलतात. फ्लॅशचा उजेड साधारण तीन मीटरच पोचतो. मांडवाच्या टोकाला बसलेली आजी अंधारात राहते, म्हणून चार पावलं पुढे जा. पेन्सिल सेलचं मॉडेल असेल तर रिचार्जेबल सेल घ्या. साधे सेल भराभर संपतात.

ईझीशेअर आणणाऱ्या याच कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना घडवला होता. तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. २०१२ मध्ये कोडॅकने डिजिटल कॅमेऱ्यांचा व्यवसाय बंद केला.