माहितीपट : लोकशाहीचा साक्षीदार

सानपाड्यातील एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही पंचवीस-तीस जण आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट पाहावयास जमलो होतो. भिंतीवर चादर बांधून पडदा केला होता. जमलेल्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले होते, शेजारच्या तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहणारे होते, खाडीपलीकडच्या चेंबूर-घाटकोपरच्या वस्त्यांतून इकडे राहावयास आलेली कुटुंबेही होती. सुमारे तीन तासांनी दिवे लागले. कोणी उठेना. मग एक आजी म्हणाल्या, "बघून जीव कासावीस झाला बाबा. पन ह्यानं गेलेली मानसं परत येनार हायेत का?"

या प्रश्नाला टाळी वाजवून बगल देता येणार नाही. माहितीपटाने नेमके काय साधते, याचा विचार या प्रश्नापासूनच सुरू केला पाहिजे.

आपल्याकडे या प्रकाराला पूर्वी 'अनुबोधपट' म्हणत. या शब्दातच एक दृष्टी दडलेली आहे. वरच्याने खालच्याला बोध करावयाचा, ही ती दृष्टी. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. धरणे, कारखाने, पंचवार्षिक योजना यांचे चित्रण मुख्य चित्रपटापूर्वी प्रत्येक चित्रपटगृहात सक्तीने दाखवले जाई. त्यांत चांगली कामे मुळीच नव्हती असे नाही. परंतु बोलणारे सरकार आणि ऐकणारी जनता ही मांडणी बहुधा पक्की असे. धरणाची भिंत दिसे. ती बांधणाऱ्या मजुराची जात, त्याची मजुरी, त्याचे उठवलेले गाव दिसत नसे. फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे, तथापि ही दृष्टी विलीन झालेली नाही.

बाबासाहेबांनी लोकशाहीला केवळ राज्यकारभाराची पद्धत मानले नाही. एकमेकांसह जगण्याची, एकमेकांना माणूस म्हणून मान देण्याची ती रीत आहे, असे त्यांनी १९३६ सालीच मांडले होते. अशा सहजीवनाला एक अट असते : एकाचे दुःख दुसऱ्यापर्यंत विकृत न होता पोहोचले पाहिजे. १९२० साली 'मूकनायक' काढावा लागला तो याचसाठी. इतरांच्या पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा नव्हती. कॅमेऱ्याबाबतही तोच प्रश्न उभा राहतो. घटना आमच्या वस्तीत घडते, पण तिची हकीकत कोण सांगतो?

रमाबाई आंबेडकर नगरचे उदाहरण घेऊ. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या या वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा बचाव पोलिसांकडून झाला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ते डाव्या चळवळीत गात आले होते; मरताना मात्र त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ती का, हा प्रश्न घेऊन पटवर्धन निघाले आणि चौदा वर्षे चित्रण करीत राहिले.

हे चौदा वर्षांचे काम महत्त्वाचे आहे. वर्तमानपत्राची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. गुंडेवार चौकशी आयोग बसला, त्याने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली गोळीबाराचा आदेश देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. हे सर्व टप्पे कागदावर आहेत. परंतु मुलगा गमावलेली आई त्या कागदावर केवळ एक क्रमांक असते. माहितीपटात ती पुरेसा वेळ बोलते, मध्ये गप्प होते, आणि ते गप्प होणेही नोंदले जाते. तिची साक्ष आणि सत्तेचे म्हणणे शेजारी-शेजारी ठेवले जाते. निवाडा करण्यास प्रेक्षक नागरिक म्हणून मोकळा राहतो. अनुबोधपट आणि माहितीपट यांतील खरा फरक हा आहे.

अर्थात कॅमेरा धरणाऱ्यालाही प्रश्न विचारलाच पाहिजे. पटवर्धनांच्याच 'हमारा शहर' (१९८५) या मुंबईच्या झोपड्या पाडण्यावरील चित्रपटात बेघर झालेली एक बाई चित्रण करणाऱ्यालाच धारेवर धरते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कराल, आमच्या पदरात काय, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही. कापला असता तर चित्रपट खोटा ठरला असता. दलितांच्या वेदनेवर इतरांनी कलाकृती उभारावी आणि दलिताने नुसते विषय होऊन राहावे, हे साहित्यात आपण नाकारले. पडद्यावरही नाकारलेच पाहिजे.

दुसरा अडथळा सत्तेचा. सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. दूरदर्शनने नाकारलेल्या 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' या चित्रपटासाठी पटवर्धनांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २००६ साली न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला. जनतेच्या पैशावर चालणारे माध्यम जनतेचे आहे, हे सिद्ध करावयास अशी वर्षे जातात. म्हणूनच 'जय भीम कॉम्रेड' चाळींतून, वस्त्यांतून उघड्यावर दाखवला गेला, याचे मोल मोठे आहे. घरी एकट्याने पाहिलेला चित्रपट मनात राहतो. शेजाऱ्याबरोबर पाहिलेला चर्चेत उतरतो, आणि लोकशाही चर्चेवाचून जगत नाही.

आता सानपाड्याकडे परत येऊ. सिडकोची स्थापना १९७० सालची. नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली, त्यांत सानपाड्याचे मूळ गावही होते. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या रक्तातून आला. जासईला दरवर्षी त्यांचे स्मरण होते. पण तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता, त्या भूमिहीनांचे या उलथापालथीत काय झाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावयास हवे. पुढे ते कोण सांगणार?

आज प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे. तथापि चित्रण म्हणजे माहितीपट नव्हे. दिवस, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव नोंदले पाहिजे. त्याची संमती घेतली पाहिजे. मूळ चित्रण जपले पाहिजे. विरुद्ध बाजूही विचारली पाहिजे. आणि तयार झालेले काम प्रथम त्याच माणसांना दाखवले पाहिजे.

त्या आजींना मी म्हणालो, "नाही आजी, माणसं परत येत नाहीत. पण ती कशी गेली, हे खोटं सांगणाऱ्याला आता सोपं जाणार नाही." त्या थोडा वेळ चादरीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग माजंबी लिहून घ्या. मी बी लई पायलंय."

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जावयाचे ठरले आहे.