सत्यमच्या भागधारकांची कसोटी

पडत्या काळातही शेअर धरून ठेवणे म्हणजे व्यवस्थापनाला मुदत देणे. नफा घटला म्हणून ती लगेच संपत नाही. हेतूबद्दल शंका आली की मात्र एका रात्रीत संपते. हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर’मध्ये तेच घडले.

१६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन ‘मायटास’ कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. या विरोधाचे मोल मोठे आहे, कारण तिजोरीतली दाखवलेली बहुतेक रोकड मुळात नव्हतीच. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला.

सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख आदींना नेमले. भरवशाचे ताळेबंद नव्हते. होते ते काम करणारे अभियंते आणि टिकून राहिलेले ग्राहक. भागधारकांना धीर धरायला खरा आधार तेवढाच होता. एप्रिलमध्ये पुण्याच्या ‘टेक महिंद्रा’ने शेअरमागे ५८ रुपयांची बोली लावून कंपनी मिळवली. दुरुस्त हिशेब २०१० मध्ये आले. २०१३ मध्ये विलीनीकरण होऊन सत्यमच्या १७ शेअरमागे टेक महिंद्राचे २ शेअर मिळाले.