आठवण सांगावी कशी?

स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगताना बहुतेकांची समजूत अशी असते की, शब्द जितके मोठे तितकी भावना श्रोत्यांपर्यंत पोहोचते. घडते उलटेच. सांगणाराच आधी गहिवरला की ऐकणाऱ्याला काही करायचे उरत नाही.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचे जग दुभंगले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. एवढ्या मोठ्या दुःखावर बाई व्याख्यान देत नाहीत. कोण काय बोलले, घरात काय घडले, आपली फजिती कशी झाली, हे त्या सांगतात, स्वतःला हसतातही. त्यांना शाळा मिळाली नव्हती. भाषा माजघरातली, बोलण्यातली. (अध्यापनात आपण हे सारे ‘प्रांजळपणा’ या एका शब्दात उरकतो, ते वेगळे.)

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बेळगावकडच्या अनेक घरांत बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. व्यासपीठावर मात्र हे बोलणे अशुद्ध ठरेल अशी मुलांना धास्ती असते. एका विद्यार्थिनीच्या आजीने तिच्या फीसाठी बोरमाळ विकली होती. वक्तृत्वाच्या तयारीत तिने सुरुवात केली, ‘त्याग आणि वात्सल्याची मूर्ती असलेल्या माझ्या आजीने...’ कुणी मान वर केली नाही. नंतर व्हरांड्यात मैत्रिणींना तिने तेच सांगितले : सराफाकडून आजी घरी आली, गळ्याला हात लावला नि म्हणाली, ‘चालतच आलो बघ. हलकं वाटालंय गं.’ मैत्रिणी गप्प झाल्या.

त्या ‘हलकं’मध्ये दागिना गेल्याचे दुःख आहे, की नातीच्या फीचे ओझे उतरल्याचे समाधान? मुलीने ते फोडून सांगितले नाही, म्हणूनच ऐकणाऱ्या त्यात गुंतल्या. आणि ‘आलो’चे ‘आले’ केले असते, तर आजी तिथेच नाहीशी झाली असती.

निवेदन प्रमाण भाषेत असावे, याला हरकत नाही. माणसाच्या तोंडचे वाक्य मात्र त्याचेच राहू द्यावे. वक्तृत्व स्पर्धांच्या गुणपत्रिकेत ‘भाषाशुद्धी’चा रकाना असतो, परीक्षकांनी तो निवेदनापुरताच वापरावा. आणि व्यासपीठावर जाण्यापूर्वी मुलीने आजीला एकदा विचारावे, हे सांगू का म्हणून. बोरमाळ तिची होती.