स्वयंचलित कॅमेरा आणि पांढरा रंग

डिजिटल कॅमेऱ्याच्या स्वयंचलित पद्धतीत भिंगाचे छिद्रमान, शटरचा वेग आणि आयएसओ, म्हणजे संवेदकाकडून मिळालेल्या संकेताचे वर्धन, हे तिन्ही कॅमेराच ठरवतो; मात्र समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे त्याचा प्रकाशमापक ढोबळमानाने गृहीत धरत असल्यामुळे शुभ्रवस्त्र वारकऱ्यांची दिंडी छायाचित्रात मळकट, तर सह्याद्रीचा काळा कातळ फिकट उमटतो. चेहरे ओळखणारे अलीकडचे कॅमेरे ही चूक कमी करतात, पुरती टाळत नाहीत. ‘पी’ पद्धतीत छिद्रमान व शटर कॅमेऱ्याकडेच राहूनही मापकाच्या निर्णयात अधिक-उणे करण्याची, म्हणजे प्रकाशभरपाईची, मोलाची मुभा मिळते. तिथे +१ म्हणजे दुप्पट प्रकाश. दिंडी टिपताना ही भरपाई +१ च्या आसपास ठेवून पाहावी.