चित्रातले ऊन, खिडकीतले ऊन

कल्याण-शीळ रस्त्याने किंवा इकडे खडकपाडा, गांधारीच्या बाजूला एखाद्या रविवारी फेरफटका मारला, तर उभ्या असलेल्या इमारतींपेक्षा अजून उभ्या राहायच्या इमारतीच अधिक देखण्या दिसतात. त्या फलकांवर असतात. तिथे रस्ते धुतल्यासारखे स्वच्छ, गच्च्यांवर हिरवळ, दिवाणखान्यात सोनेरी ऊन, आणि कपडे वाळत घातलेली गॅलरी एकही नाही! ही चित्रे संगणकावर तयार होतात. आमच्या व्यवसायात या कामाला ‘रेंडरिंग’ म्हणतात. इमारतींच्या आराखड्यांच्या कामात माझी तीस वर्षे गेली. पारनाक्याजवळच्या माझ्या छोट्याशा कार्यालयात उमेदवारीला येणारी मुले पहिला प्रश्न हमखास विचारतात, ‘‘सर, रेंडरिंगसाठी कोणते सॉफ्टवेअर शिकू?’’

प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण ज्या चित्रावर भरवसा ठेवून एखादे कुटुंब वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेते, त्या चित्राच्या हत्याराची निवड केवळ तांत्रिक कशी राहील?

आमच्या उमेदवारीत यथादर्शन चित्रे हाताने काढली जात. नकाशावरून रेषा ओढायच्या, मग जलरंग नाहीतर पोस्टर कलर. काढणारा कलावंत आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असे, त्यामुळे झाड जरा जास्त डेरेदार निघाले तर त्याची कोणी फिर्याद करीत नसे. १९९० मध्ये डॉस प्रणालीवर चालणारे ‘थ्रीडी स्टुडिओ’ आले, १९९६ मध्ये त्याचाच ‘मॅक्स’ हा अवतार विंडोजवर आला, आणि चित्र हळूहळू छायाचित्रासारखे दिसू लागले. छायाचित्रावर माणूस विश्वास ठेवतो. सगळी गोम तिथे आहे.

संगणक हे करतो तरी कसे? खिडकीतून आलेले ऊन लाल फरशीवर पडले की पांढऱ्या छतावरही किंचित तांबूस झाक उमटते, हे आपण रोज पाहतो. प्रकाश एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर उडत जातो आणि जाताना रंग बरोबर नेतो. जेम्स काजिया या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हा सगळा व्यवहार एका समीकरणात मांडला. आजची बहुतेक वास्तवदर्शी सॉफ्टवेअर त्याच समीकरणाचे उत्तर अंदाजाने काढतात. असंख्य किरण सोडायचे, ते कुठे कुठे आपटतात ते मोजायचे आणि सरासरी घ्यायची. किरण कमी पडले तर चित्र रवाळ दिसते. हा रवाळपणा निम्म्यावर आणायचा तर किरण दुप्पट नव्हे, चौपट लागतात. एकेका चित्रासाठी संगणक रात्रभर घरघरत राहतो तो या हिशेबामुळे, आणि पहाटे वीज गेली की काय होते ते आमच्या व्यवसायातल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

बाजारात आज ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक सावकाश पण काटेकोर मोजणाऱ्यांचे. बल्गेरियातल्या सोफिया शहरात १९९७ मध्ये सुरू झालेल्या केऑस कंपनीचे ‘व्ही-रे’, प्रागमध्ये विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून जन्मलेले आणि २०१७ मध्ये त्याच कंपनीने घेतलेले ‘कोरोना’, आणि ‘ब्लेंडर’मधले ‘सायकल्स’ ही त्यातली ठळक नावे. ब्लेंडरची गोष्ट तर सांगण्याजोगी आहे. २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो उभे केले आणि ते सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोकळे करून घेतले. आजही ते फुकट मिळते. दुसरे घराणे झटपट चित्र दाखवणाऱ्यांचे. ‘ल्युमिऑन’, ‘एन्स्केप’, ‘ट्विनमोशन’ ही मंडळी संगणकावरच्या खेळांचे तंत्र वापरतात. भिंत हलवली की चित्र तिथल्या तिथे बदलते. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना हे फार सोयीचे, मात्र त्याला ग्राफिक्स कार्ड तगडे हवे. दोन्ही घराण्यांमधले अंतर आता कमी होत चालले आहे. २०२३ च्या ल्युमिऑनमध्ये किरण मोजण्याची सोय आलीच.

मग निवडायचे कोणते? बहुतेक जण कंपनीच्या संकेतस्थळावरची चित्रे पाहून ठरवतात. ती चित्रे त्या त्या सॉफ्टवेअरच्या उत्तमातल्या उत्तम कारागिरांनी केलेली असतात. त्यावरून निवड करणे म्हणजे हलवायाच्या काचेतली मिठाई बघून कढई विकत घेण्यासारखे आहे.

मी मुलांना वेगळी परीक्षा सांगतो. आपल्या राहत्या घरातली एक खोली टेपने मोजा. खिडकी, छज्जा, फरशी, भिंतीचा रंग सगळे जसेच्या तसे संगणकात भरा. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी त्या खोलीचे छायाचित्र घ्या. मग चाचणीसाठी मिळणाऱ्या आवृत्त्या उतरवून तीच खोली, तीच तारीख, तीच वेळ प्रत्येकात लावा आणि छायाचित्राशेजारी ठेवा. कोपऱ्यातला अंधार कोणाला जमला, कोणी खोली उगाच उजळली, तुमच्या संगणकावर कोण किती वेळ घेतो हे दोन दिवसांत लख्ख कळते.

यात तारखेचा आणि गावाचा आग्रह का, ते सांगतो. ‘स्केचअप’ हे घराघरांतले सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर या गावी जन्मले. नवी फाइल उघडली आणि स्वतःहून ठिकाण बदलले नाही, तर तुमच्या इमारतीवर ऊन बोल्डरचे पडते! बोल्डर ४० अंश अक्षांशावर, कल्याण साधारण १९ वर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर, आपल्याकडे सत्तेचाळीसच्या वर. सात फूट उंचीची, छज्जा नसलेली दक्षिणेची खिडकी घेतली, तर बोल्डरचे ऊन खोलीत चौदा फूट आत येते, कल्याणचे साडेसहा फूट. उन्हाळ्यात तर आणखी गंमत. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन येतच नाही. चित्रात ते आले, तर ते दुसऱ्या कुठल्या गावाचे समजावे.

झाडांचेही तसेच. सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या संग्रहात मेपल आणि पाइन भरपूर असतात. आपल्या रस्त्यांवरचा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष शोधून आणावा लागतो, नाहीतर स्वतः घडवावा लागतो. आणि चार पावसाळ्यांनंतर बाहेरच्या भिंतीवर उतरणारे काळे ओघळ? ते तर कोणत्याच संग्रहातून आपणहून चित्रात येत नाहीत.

सर्वात मोठी हातचलाखी मात्र सॉफ्टवेअरची नसते, ते चालवणाऱ्याची असते. चोवीस मिलिमीटरचे भिंग लावले की दहा बाय बाराची खोली सभागृहासारखी दिसते. सोफा थोडा लहान केला की आणखी मोठी. मागे एका बांधकाम व्यावसायिकाने मला शेजारची सात मजली इमारत चित्रातून ‘तेवढी काढून टाका’ असे सांगितले होते. त्यामागे खाडी होती, आणि खाडीचे पैसे जास्त येतात. ते काम मी केले नाही. पुढे त्याच प्रकल्पाचे पत्रक घेऊन एक निवृत्त रेल्वे कर्मचारी माझ्याकडे आले. चित्र दुसऱ्या कोणीतरी करून दिले होते. ‘‘साहेब, तिसऱ्या मजल्यावरून खाडी दिसेल ना?’’ एवढेच त्यांना विचारायचे होते. नकाशा काढून मी त्यांना मधली इमारत दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अशा ग्राहकाच्या बाजूने आता कायदा आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या माणसाचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह रक्कमही. पण त्यासाठी आधी भांडावे लागते, आणि भांडायला उसंत लागते. सकाळी साडेसातची लोकल पकडणाऱ्याकडे ती कुठून असणार?

आता तर चार ओळी लिहून दिल्या की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. चित्र सुरेख येते, पण त्यातल्या खोलीला माप नसते आणि खिडकीला दिशा नसते. मनातली कल्पना दाखवायला ते ठीक; घर विकायला नव्हे.

म्हणून ‘कोणते शिकू’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : खिशात पैसे नसतील तर ब्लेंडरपासून सुरुवात करा. गिऱ्हाइकाशी चर्चेसाठी झटपट घराण्यातले एखादे हाताशी ठेवा. छापायच्या चित्रासाठी सावकाश मोजणारे वापरा. आणि जे काही घ्याल त्यात ठिकाण, तारीख, वेळ, भिंग आणि कॅमेऱ्याची उंची आकड्यांत भरता येते की नाही, हे आधी पाहा. कारण माझ्या कार्यालयातून जाणाऱ्या प्रत्येक चित्राखाली एक ओळ छापलेली असते : ‘कल्याण, २१ डिसेंबर, दुपारी ३, तिसरा मजला, भिंग ३५ मिमी’. ती ओळ पाहून काही व्यावसायिक नाक मुरडतात आणि काम दुसरीकडे नेतात. घर घ्यायला निघालेल्या वाचकांनी मात्र पुढच्या वेळी विक्री कार्यालयात ही ओळ जरूर मागून पाहावी. उत्तर काय मिळते, यावरूनही घराविषयी बरेच कळते.