डेप्रिसिएशन : घसारा वेगळा, घसरण वेगळी

सेलू तालुक्यातील (जि. वर्धा) हिंगणीसारख्या गावातही हल्ली दुकानदाराच्या कानावर 'डेप्रिसिएशन' हा शब्द पडतो. कर सल्लागार तो मशीनबद्दल वापरतात आणि बातम्यांत तो रुपयाबद्दल येतो. शब्द एकच असला तरी मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की हिशेब बिघडतो.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ किंमत खाली येणे. हिशेबाच्या वहीत त्याला आपण घसारा म्हणतो. घासून झिजते तो घसारा, म्हणजे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा अधिक नेमका आहे. चलनाच्या बाबतीत मात्र घसरण म्हणावे.

समजा, हिंगणीत एका कारागिराने ४०,००० रुपयांचे शिलाई मशीन घेतले. ते आठ वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला ५,००० रुपयांचे मशीन झिजते. वर्षातून ३०० दिवस काम झाले तर रोजचे सोळा-सतरा रुपये. धागा, वीज, भाडे वजा करून उरलेली रक्कम आपले बहुतेक कारागीर बांधव सरळ नफा समजून घरखर्चाला लावतात. त्यात हे सोळा-सतरा रुपये असतात. तो नफा नव्हे, मशीनच आहे. आठ वर्षांनी मशीन बसते आणि नवे घ्यायला सावकाराचे किंवा बँकेचे दार गाठावे लागते, ते यामुळेच.

आयकराची पद्धत थोडी निराळी आहे. साधारण यंत्रसामग्रीला दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा मिळतो. ४०,०००वर पहिल्या वर्षी ६,०००, मग ३४,०००वर ५,१००, मग २८,९००वर ४,३३५. फर्निचरला १० टक्के, संगणकाला ४० टक्के. जमिनीला घसारा नाही. उलाढालीवर ठराविक टक्के नफा धरून कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला तो वेगळा मागता येत नाही; पण म्हणून मशीन झिजायचे थांबत नाही, स्वतःच्या वहीत तो धरावाच.

दुकानात पडून असलेल्या कापडाचा भाव उतरला तर काही जण 'मालाचे डेप्रिसिएशन झाले' म्हणतात. ते चूक. शिल्लक माल खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांतील कमी असेल त्याने धरतात. त्याला घसाऱ्याचा दर नसतो. कर्जाचा हप्ता हाही घसारा नव्हे. हप्त्यातील व्याज खर्चात जाते, मुद्दल जात नाही.

आता रुपया. ६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० केला. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत तो सुमारे २१ वरून २६च्या आसपास गेला. सरकारने स्वतः दर खाली आणला, याला अवमूल्यन म्हणतात, इंग्रजीत डीव्हॅल्युएशन. मार्च १९९३ पासून दर मुख्यतः बाजारात ठरू लागला. तेव्हापासून रुपया उतरतो त्याला डेप्रिसिएशन म्हणणे बरोबर.

ही घसरण सर्वांना सारखी लागत नाही. वर्धा जिल्ह्यातील कापसाच्या गाठी परदेशी जातात तेव्हा निर्यातदाराला रुपयांत जास्त मिळतात (शेतकऱ्यापर्यंत त्यातले किती पोचते, हा प्रश्न वेगळा). किराणा दुकानदाराला मात्र पामतेल महाग पडते, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते.

आणि शिलाईवाल्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. त्याचे मशीन घासते आहे जुन्या किमतीवर आणि नवे, चीन वा जपानहून येणारे, महागते आहे रुपयाच्या घसरणीने. म्हणून वर्षाला ५,००० बाजूला टाकूनही आठ वर्षांनी पैसे कमी पडू शकतात. दरवर्षी बाजारात नव्या मशीनचा भाव विचारावा आणि बाजूला टाकायची रक्कम त्याप्रमाणे वाढवावी.

मशीन घ्यायचेच असेल तर तारीखही पाहावी. आर्थिक वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्या वर्षी आयकरात निम्माच घसारा मिळतो. म्हणजे वरच्या उदाहरणात ६,०००ऐवजी ३,०००. मार्चमध्ये घाईने मशीन घेणाऱ्यांनी हे सल्लागाराला आधी विचारून घ्यावे.