मोटार रुसते तेव्हा

पौष महिन्यात नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात कडाक्याची थंडी पडते. अशा एखाद्या पहाटे जुन्या मोटारीचा मालक किल्ली फिरवतो आणि काही केल्या गाडी सुरू होत नाही. आदल्या संध्याकाळी हीच मोटार विनातक्रार घरी आलेली असते. मग एका रात्रीत तिला झाले तरी काय? भोवती मंडळी जमतात. एकजण म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "प्लग बदला." तिसरा म्हणतो, "आधी धक्का मारा." जितकी तोंडे, तितके सल्ले! इकडे कोणाला दवाखाना गाठावयाचा असतो, तर कोणाला सकाळची आगगाडी. आणि घड्याळाचे काटे काही थांबत नाहीत.

अशा वेळी लोक म्हणतात, "गाडी रुसली." परंतु यंत्राला राग नसतो आणि लोभही नसतो. ते बंद पडले, तर त्यामागे काहीतरी कारण असते. हे कारण अंदाजाने सापडत नाही. ते क्रमाने शोधावे लागते.

येथे ज्या मोटारीचा विचार करावयाचा आहे, ती जुन्या घडणीची, पेट्रोलवर चालणारी मोटार होय. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी आणि कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे तयार झालेली ॲम्बॅसेडर ही या जातीची प्रसिद्ध उदाहरणे. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची सेवा २०२३ साली संपली. तरीही हौशी माणसांनी अशा काही गाड्या जतन करून ठेवल्या आहेत. आजच्या मोटारींत इंधनाचे आणि ठिणगीचे नियंत्रण संगणकाकडे असते. जुन्या मोटारीत मात्र बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात व हाताला लागतात. म्हणून यंत्राचा विचार कसा करावा, हे शिकण्यास ती फार उपयोगी पडते.

इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, कोणीतरी त्याला प्रथम फिरवावे लागते. दुसरी, पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण सिलिंडरमध्ये पोचावे लागते. तिसरी, ते मिश्रण पेटविण्यासाठी नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. मिश्रण पेटले की त्याच्या दाबाने दट्ट्या ढकलला जातो आणि तेथून पुढे इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागते. पूर्वी पहिली फिरकी देण्याचे काम माणूस करीत असे. मोटारीच्या पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. कधी हँडल उलट फिरून माणसाचा हात मोडत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम बसविण्यात आला. तेव्हापासून हे कष्टाचे काम हळूहळू बॅटरीकडे आले.

आता थंडीचा परिणाम पाहू गेल्यास एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. थंडी या तिन्ही गोष्टींवर एकाच वेळी घाला घालते. गारठ्याने इंजिनातील तेल दाट होते. त्यामुळे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा जोर कमी होतो. पेट्रोलची वाफही थंडीत कमी होते. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर विद्युत्प्रवाह लागतो. अशक्त बॅटरी तेवढा प्रवाह देऊ लागली की तिचा दाब घसरतो आणि ठिणगीसाठी उरणारी वीज दुबळी होते. म्हणजे दोष रात्रीत उत्पन्न झालेला नसतो. तो आधीपासून गाडीत दडलेला असतो. संध्याकाळी इंजिन तापलेले असल्यामुळे तो झाकला जातो आणि पहाटेचा गारठा त्याला उघडा पाडतो, इतकेच.

मग हा दोष ओळखावा कसा? अनुभवी मिस्त्री हत्यारांच्या पेटीला हात लावण्यापूर्वी कान देतो. गाडी न्यूट्रलमध्ये आहे व हातब्रेक ओढलेला आहे, याची खात्री करून तो किल्ली फिरवतो आणि आवाज ऐकतो. हा आवाज तीन प्रकारचा असू शकतो. कधी काहीच ऐकू येत नाही, किंवा केवळ 'टक्' असा एक आवाज होतो. कधी इंजिन कण्हत कण्हत, जड पावलांनी चालल्यासारखे फिरते. कधी ते नेहमीच्या वेगाने भराभर फिरते, परंतु पेट घेत नाही. पहिल्या दोन आवाजांचा अर्थ असा की, उणीव फिरविणाऱ्या शक्तीत आहे. तिसऱ्या आवाजाचा अर्थ असा की, फिरविणारी शक्ती ठीक आहे. शोध पेट्रोलचा किंवा ठिणगीचा घ्यावयास हवा. एका आवाजाने निम्म्याहून अधिक शंका दूर होतात!

फिरविण्याची शक्ती उणी असेल, तर पुढील परीक्षा दिव्यांची. गाडीचे पुढचे दिवे लावावेत व एकाने किल्ली फिरवीत असता दुसऱ्याने बाजूला उभे राहून ते पाहावेत. नुसते दिवे लागले म्हणून बॅटरी चांगली, असे समजू नये. कारण दिव्यांना लागणारी वीज स्टार्टरच्या मानाने अगदी थोडी असते. किल्ली फिरवताच दिवे विझू लागले, तर बॅटरी उतरलेली तरी असते किंवा तिच्या जोडणीत अडथळा तरी असतो. दिवे प्रखर राहिले आणि इंजिन मात्र हलले नाही, तर दोष बहुधा स्टार्टरमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारांत असतो.

येथेच घाई करणारा माणूस फसतो. दिवे मंद झालेले पाहून तो नवी बॅटरी विकत आणतो. वास्तविक जुन्या बॅटरीच्या टोकांवर पांढरट किंवा हिरवट पूड साचलेली असते आणि तीच विजेची वाट अडविते. ती साफ करण्यासाठी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडवावी, मग दुसरी सोडवावी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने टोके धुवावीत व कोरडी करून तारा घट्ट आवळाव्यात. हे करताना सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी सुरू होते आणि नव्या बॅटरीचा खर्च वाचतो. मात्र बॅटरीत तीव्र आम्ल असते आणि तिच्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. म्हणून तिच्याजवळ काडी ओढू नये आणि हे काम जाणत्या माणसानेच करावे.

आता तिसरा आवाज घेऊ. इंजिन भराभर फिरते, पण पेटत नाही. प्रथम अगदी साधा प्रश्न विचारावा : टाकीत पेट्रोल आहे काय? जुन्या गाडीचा काटा कधी कधी खोटे सांगतो. पेट्रोल असेल, तर चोककडे लक्ष द्यावे. चोक म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली एक झडप. ती मिटली की हवा कमी व पेट्रोल अधिक जाते. थंडीत वाफ कमी होत असल्यामुळे हे जादा पेट्रोल उपयोगी पडते. चोक न ओढता थंड इंजिन सुरू करणे अवघड जाते. परंतु चोक ओढून वारंवार किल्ली फिरविल्यास उलटाच परिणाम होतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल तुंबते, प्लग भिजतात आणि भिजलेल्या प्लगची ठिणगी नीट पडत नाही. पेट्रोलचा उग्र वास आला, तर हेच घडले असे समजावे. मग चोक पूर्ववत करून दहा मिनिटे स्वस्थ बसणे हाच उत्तम उपाय होय. येथे धीर हेच औषध ठरते.

पेट्रोल योग्य प्रमाणात पोचत असेल, तर शेवटी ठिणगीकडे वळावे. बॅटरीचा दाब बारा व्होल्ट असतो. एवढ्या दाबाने प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. कॉइल हा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढविते आणि डिस्ट्रिब्युटर तो क्रमाक्रमाने एकेका प्लगला वाटून देतो. एवढ्या दाबाची वीज ओल सापडली की भलतीकडे पळते. मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत जुन्या टॅक्सीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमट हवेने पाणी धरत असे. अशा वेळी किल्ली काढून घ्यावी, टोपण उघडावे, ते कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसावे व जागच्या जागी बसवावे. एवढा उपाय कित्येकदा पुरतो. प्लग काढून पाहिल्यास तोही बोलका ठरतो. फिकट तपकिरी रंग आरोग्याचे लक्षण होय. काजळी धरली असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे असे समजावे. ठिणगीची प्रत्यक्ष परीक्षा मात्र मिस्त्रीवर सोपवावी; कारण जवळच पेट्रोलची वाफ असते.

या साऱ्या शोधात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. प्लग, तारा आणि बॅटरी एकदम बदलून गाडी सुरू झाली, तरी दोष कशात होता हे कळत नाही. चांगले भाग फेकले जातात, पैसा व्यर्थ जातो आणि माणूस शिकत काहीच नाही. तसेच किल्ली एका वेळी काही सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. मधे थोडी विश्रांती द्यावी. नाहीतर उरलीसुरली बॅटरीही उतरते आणि एका दोषाचे दोन दोष होतात.

आणखी एक गोष्ट प्राणांशी निगडित आहे. थंडी आहे म्हणून गॅरेजचे दार लावून आत इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वासही नसतो. बंद जागेत तो माणसाला नकळत बेशुद्ध करतो आणि त्याचा प्राणही घेऊ शकतो. गाडीला धक्का देऊन ती सुरू करावयाची झाल्यास मोकळा, सपाट रस्ता निवडावा आणि मुलांना दूर उभे करावे.

वैद्य प्रथम नाडी पाहतो, लक्षणे विचारतो आणि मगच औषध देतो. चांगला मिस्त्रीही त्याच वाटेने जातो. तो ऐकतो, पाहतो, वास घेतो. एकेक शंका दूर करीत जातो. शेवटी जी शंका उरते, तेथेच बहुधा दोष सापडतो. ज्याला ही रीत साधली, त्याची मोटार रुसत नाही असे नाही. परंतु ती का रुसली, हे त्याला समजते आणि निम्मे काम तेथेच होते.